मोठ्या प्रमाणात वजन उतरल्यानंतरचे स्तनपान : समज आणि वस्तुस्थिती

दरवर्षीच्या अहवालात ताळेबंद, विभागवार तक्ते आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीने आरोग्यविषयक एखादा प्रश्न विस्ताराने मांडण्याचा आमच्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी मोठ्या प्रमाणात वजन उतरविलेल्या मातेचे स्तनपान हा विषय घेतला आहे. तो प्रथमदर्शनी मूठभर स्त्रियांपुरता वाटेल. परंतु प्रसूती विभागातील डॉक्टर व परिचारिका यांच्याकडे यासंबंधीची विचारणा आता वरचेवर होऊ लागली आहे. आम्ही स्वतः वैद्यकीय व्यवसायातले नाही. वाणिज्य शाखेत शिकलो आणि रुग्णालयाच्या कारभारात वय गेले. म्हणून प्रसूती व बालरोग विभागांतील तज्ज्ञांशी चर्चा करून, सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत हा मजकूर तयार केला आहे.

एका पिढीपूर्वी गर्भवतीचे वजन कमी आहे, हीच चिंता असे. आज चित्र दुहेरी आहे. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा स्थूल आहेत आणि त्याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, पुष्कळदा एकाच स्त्रीच्या ठायी आढळतात. अंग भरलेले असणे म्हणजे शरीर सुपोषित असणे नव्हे, हा या लेखाचा पहिला मुद्दा समजावा.

स्थूलतेमुळे पाळी अनियमित होते व गर्भधारणेस अडथळा येतो. वजन उतरले की तो अडथळा अनेकींच्या बाबतीत दूर होतो. त्यामुळे स्थूलतेची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या तरुण स्त्रिया पुढे एक-दोन वर्षांत प्रसूतीसाठी रुग्णालयाची पायरी चढतात. मग घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ''हिच्या पोटाचे एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे, हिला दूध येईल का? आणि आले तर ते बाळाच्या अंगी लागेल का?'' या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात द्यावयाची तर पहिल्याचे उत्तर 'येते' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'लागते, मात्र आईच्या शरीरातील साठा भरलेला असला पाहिजे' असे आहे.

शस्त्रक्रियेत काय होते

स्थूलतेच्या शस्त्रक्रियांचे प्रचलित प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिला स्लीव्ह शस्त्रक्रिया म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या लहान आतड्यास जोडतात. अन्न उरलेल्या जठराला व लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून जाते, म्हणून तिला बायपास म्हणतात. दोन्हींमुळे एका वेळी खाल्ले जाणारे अन्न घटते. बायपासमध्ये अन्नातील काही घटकांचे शोषणही कमी होते, कारण लोह आणि कॅल्शियम ज्या भागात प्रामुख्याने शोषले जातात तोच भाग वाटेतून वगळला जातो.

शस्त्रक्रियेनंतर पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरत असते. या अवधीत शरीराची जमा कमी आणि खर्च अधिक असतो. म्हणून साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. दिवस अगोदर राहिले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि अशा गर्भवतीची तपासणी अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी.

दूध कोठून येते

जठर लहान केल्याने दूध लहान होत नाही. दूध तयार होते ते स्तनातील ग्रंथींमध्ये, मेंदूतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या प्रेरणेने. बाळ चोखू लागले की ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक स्रवते आणि पान्हा फुटतो. जितके दूध निघेल तितके नवे तयार होते. या यंत्रणेचा जठराच्या आकाराशी प्रत्यक्ष संबंध नाही. वजन उतरल्यावर स्तन सैल व ओघळलेले दिसतात, ते मुख्यतः आतील चरबी घटल्यामुळे. दूध करणाऱ्या ग्रंथी त्यामुळे निकामी होत नाहीत.

दोन बाबी मात्र ध्यानात ठेवाव्यात. शस्त्रक्रियेनंतरही अनेक स्त्रियांचे वजन सर्वसाधारणापेक्षा अधिकच असते आणि स्थूल मातांमध्ये दूध भरून येण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागू शकतो. सिझेरियन झाले असल्यास हा विलंब आणखी वाढतो. अशा वेळी 'हिला दूधच नाही' असा निकाल देऊन डबा उघडण्याची घाई होते. वास्तविक पहिल्या दिवसांत येणारा चीक प्रमाणाने थोडा असला तरी नवजात बाळाचे पोटही इवलेसेच असते. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला आईच्या उघड्या छातीशी देणे आणि दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणे, हाच दूध वाढविण्याचा खरा उपाय होय.

दुसरी बाब पाजण्याच्या पद्धतीची. स्तन जड व सैल असल्यास बाळाला तोंडात नीट पकड घेता येत नाही. स्तनाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, अंगठा वर व चार बोटे खाली अशा रीतीने आधार दिला, किंवा बाळाला कुशीखाली काखेच्या बाजूने धरले, की पकड सुधारते. त्वचेच्या घड्यांमध्ये ओल राहून कातडी सोलवटते, तेव्हा ती जागा कोरडी ठेवावी. बाळंतिणीजवळ पाच मिनिटे बसून हे दाखविणारी परिचारिका जे साधते, ते कोणत्याही महागड्या टॉनिकने साधत नाही.

वजन उतरल्यानंतर काही स्त्रिया स्तनांचा आकार कमी करण्याची वा ते उचलून घेण्याची शस्त्रक्रिया करवितात. तीत दुधाच्या नलिका आणि स्तनाग्राच्या मज्जातंतूंना इजा पोहोचली असल्यास दूध पुरेसे न येण्याचा संभव असतो. ज्यांना पुढे अपत्य हवे आहे त्यांनी याविषयी शल्यचिकित्सकास अगोदर विचारावे. शक्य तर अपत्ये होऊन स्तनपान संपल्यावर काही महिन्यांनीच असा निर्णय घ्यावा.

दुधातील दोन प्रकारचे घटक

दुधाची प्रत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या मातांच्या दुधाची जी तपासणी आजवर झाली, तीत स्निग्धांश, शर्करा व प्रथिने इतर मातांच्या दुधाच्या तोडीची आढळली आहेत. निसर्गाची व्यवस्था अशी की काही घटक आईच्या शरीरात कमी असले तरी दुधात ते कमी पडू दिले जात नाहीत. कॅल्शियम हे त्याचे उदाहरण. आहारातून ते पुरेसे न मिळाल्यास आईच्या हाडांतून काढून दुधात घातले जाते. दुधातील लोहाचे प्रमाणही आईला रक्तक्षय आहे म्हणून फारसे बदलत नाही. येथे बाळ सुरक्षित राहते; झीज सोसावी लागते ती आईला.

दुसऱ्या वर्गातील घटकांचे तसे नाही. जीवनसत्त्व बी-१२, थायमिन म्हणजे बी-१, जीवनसत्त्व अ आणि ड हे आईच्या शरीरात असतील त्या मानाने दुधात उतरतात. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिल्या वर्गात आईच्या खात्यावर उचल घेऊन बाळाला पूर्ण रक्कम चुकती केली जाते. दुसऱ्या वर्गात आईच्या खात्यात शिल्लक नसेल तर बाळाच्या हातीही काही पडत नाही.

बी-१२ ची विशेष काळजी

या घटकांपैकी बी-१२ कडे सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी व दुधाचे पदार्थ यांतूनच मिळते; भाज्या व कडधान्ये यांत ते जवळजवळ नसते. अन्नातून ते सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते आणि आतड्यात शोषले जाण्यास जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. शस्त्रक्रियेने जठर लहान झाले वा वाटेतून बाजूला पडले, की या दोन्ही गोष्टी उणावतात. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांतील अनेक स्त्रियांचा बी-१२ चा साठा मुळातच तोकडा असतो. त्यात शस्त्रक्रियेची भर पडते.

याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो भरलेला असल्यास काही वर्षे पुरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर लगेच काही जाणवत नाही. 'आता सगळे ठीक आहे' असे वाटून गोळ्या बंद होतात, तपासणीस जाणे थांबते आणि साठा हळूहळू रिता होतो. नेमक्या याच सुमारास, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, घरात पाळणा हलण्याची वेळ येते.

आईचा साठा अपुरा असल्यास बाळ जन्मतःच थोडी शिल्लक घेऊन येते आणि दुधातूनही तीत भर पडत नाही. पहिले काही महिने ते चांगले दिसते. नंतर हसणारे-खेळणारे मूल मलूल होते, फिकट पडते, दूध ओढेनासे होते. सावरलेली मान पुन्हा लुळी पडते. काही बाळांच्या हातापायांना कंप सुटतो व त्वचा काळवंडते. भारतातील बालरोगतज्ज्ञांना हे चित्र पूर्वीपासून परिचित आहे. शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या, पूर्णतः अंगावर पिणाऱ्या आणि आई शाकाहारी असलेल्या बाळांमध्ये ते आढळत आले आहे. वेळीच बी-१२ दिल्यास बाळ सुधारते. मात्र विलंब झाल्यास मेंदूच्या वाढीत कायमची उणीव राहू शकते. म्हणून याचा उपाय अंगावरचे दूध तोडणे हा नसून आई व बाळ दोघांनाही बी-१२ देणे हा आहे.

येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे. शासनाच्या कार्यक्रमानुसार गर्भवतीस १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. ती अवश्य घ्यावी. परंतु फॉलिक आम्लामुळे बी-१२ च्या उणिवेचा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहू शकते. हिमोग्लोबिन चांगले आले म्हणून समाधान मानू नये. शस्त्रक्रिया झालेल्या मातेची बी-१२ ची रक्ततपासणी स्वतंत्रपणे करावी. बायपास झालेल्या पुष्कळ स्त्रियांना ते गोळीऐवजी इंजेक्शनने द्यावे लागते. त्याचप्रमाणे लोहाची गोळी अंगी लागत नसल्यास लोह शिरेतून देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र न घेता किमान दोन तासांच्या अंतराने घ्याव्यात आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा टाळावा.

बाळंतिणीचे ताट

आपल्याकडे बाळंतिणीच्या आहाराची समृद्ध परंपरा आहे. डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, साजूक तुपाचा शिरा हे सारे मायेनेच समोर येते. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या, विशेषतः बायपास झालेल्या मातेने गोड व तुपकट पदार्थ एकदम खाल्ले तर ते जठरात न थांबता वेगाने आतड्यात उतरतात. मग घाम सुटतो, धडधड होते, पोटात मुरडा येतो. तास-दोन तासांनी रक्तातील साखर उतरून गळून गेल्यासारखे होते. घरच्यांना वाटते, सूनबाई नखरे करते. तिला खरोखरच ते सोसत नसते, हे समजून घ्यावे.

तिला अन्न अधिक लागते, यात शंका नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेस रोज ६०० किलोकॅलरी अधिक आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जादा हवीत; कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितली आहे. जठर लहान असताना हे दोन वेळच्या भरल्या ताटातून साधत नाही. दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे. प्रथम वरणाचे घट्ट गोळे, उसळ, अंडे, मासे, पनीर, दही असे प्रथिनांचे पदार्थ आणि नंतर भात-भाकरी, असा क्रम ठेवावा. अळीव, डिंक, शेंगदाणे, तीळ वर्ज्य नाहीत. फक्त गूळ-तूप बेताने घालून लहान लाडू करावा. पाणी, ताक व पेज जेवणाबरोबर न घेता अर्ध्या तासाच्या अंतराने घोट घोट घ्यावी. वारंवार उलट्या होत असल्यास ते पथ्याचे लक्षण समजून बसू नये. उलट्यांमुळे थायमिन झपाट्याने घटते आणि ते आई व बाळ दोघांसही धोक्याचे असते.

पुन्हा वजन वाढण्याची धास्ती

मोठ्या कष्टाने उतरविलेले वजन गर्भारपणात वाढते तेव्हा आईच्या मनात धास्ती बसते. एकीकडे सासूबाईंचा आग्रह आणि दुसरीकडे स्वतःची भीती, या कात्रीत ती जेवण तोडू लागते. स्तनपान चालू असताना आठवड्याला सुमारे अर्धा किलो या गतीने वजन उतरल्यास बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. उपास, केवळ रसावर राहणे वा जेवण निम्म्यावर आणणे मात्र या काळात सर्वथा टाळावे.

२०२५ पासून भारतात वजन उतरविण्यासाठी टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. शस्त्रक्रिया न करता त्यांच्या साह्याने वजन उतरविलेल्या मातांनाही या लेखातील आहारविषयक सावधगिरी लागू पडते. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने अगोदर थांबवावे, असे उत्पादकाच्या माहितीपत्रकात नमूद आहे. प्रसूतीनंतर ओळखीच्या कोणाच्या सांगण्यावरून ही इंजेक्शने सुरू करणे धोक्याचे असून स्तनपानाच्या काळात ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

बायपास झालेल्या मातेने सिझेरियननंतरच्या वेदनांसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. जोडलेल्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉल हा सुरक्षित पर्याय सहसा दिला जातो. गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषणही बायपासनंतर भरवशाचे राहत नाही आणि त्यांतील काही प्रकार दूध कमी करतात. त्यामुळे तांबी वा अन्य साधनाविषयी प्रसूतितज्ज्ञांशी बोलावे.

बाळाला पुरते आहे, हे कसे ओळखावे

शस्त्रक्रिया झालेल्या मातांमध्ये गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण कमी होते, हा मोठा लाभ आहे. मात्र काही बाळे अपेक्षेपेक्षा लहान जन्मतात. म्हणून अशा बाळाचे वजन नियमाने करावे. पहिल्या दिवसांत थोडे वजन घटणे स्वाभाविक आहे; दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यावे आणि पुढे पहिले तीन महिने दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढावे. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत सहा वा अधिक वेळा लघवी केली तर दूध पुरत आहे, असे समजावे. प्रत्येक अंगावर पिणाऱ्या बाळास पहिल्या वर्षी जीवनसत्त्व ड चे ४०० एककांचे थेंब रोज द्यावेत, ही बालरोगतज्ज्ञांची सर्वसाधारण शिफारस येथेही लागू आहे.

सर्व प्रयत्न करूनही काही मातांना दूध कमी पडते. त्यात बाईचा दोष नाही. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पूरक दूध द्यावे व जितके स्वतःचे येते तितके पाजत राहावे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आज अशा पेढ्या अनेक शहरांत आहेत आणि कमी वजनाच्या व आजारी नवजात बाळांना त्यांचा मोठा आधार होतो. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, याचेही स्मरण असावे. प्रचाराच्या प्रभावाखाली नव्हे, तर गरजेपुरते व वैद्यकीय सल्ल्यानेच वरचे दूध द्यावे, हाच त्या कायद्यामागचा हेतू आहे.

सांगितले पाहिजे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वर वर्णिलेले बहुतेक धोके साध्या तपासण्यांनी व अल्प खर्चाच्या औषधांनी टळतात. परंतु त्यासाठी मातेची शस्त्रक्रिया झाली आहे, हे प्रसूती विभागास ठाऊक असावे लागते. अनेक घरांत ही गोष्ट झाकून ठेवली जाते. लग्नाआधीचे ऑपरेशन सासरी कळू नये, अशी माहेरची इच्छा असते. कधी स्वतः सूनच संकोचते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेच्या लहानशा खुणा नजरेत भरत नाहीत. प्रसूती एका रुग्णालयात, शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात आणि बाळाचे डॉक्टर तिसरेच, अशी स्थिती असेल तर माहितीचा धागा मध्येच तुटतो. मग चार-सहा महिन्यांचे मलूल बाळ डॉक्टरांसमोर येते तेव्हा आईच्या जठराविषयी विचारण्याचे कोणास सुचावे?

याच कारणास्तव आमच्या प्रसूतिपूर्व नोंदणीच्या केसपेपरवर 'वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया अथवा औषधे' असा स्वतंत्र रकाना ठेवलेला आहे. हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून, एकट्या गर्भवतीस विचारण्याची सूचना परिचारिकांना दिलेली आहे. तिचे उत्तर गोपनीय राहते. होकारार्थी उत्तर आल्यास तशी खूण बाळाच्या कार्डावरही केली जाते, जेणेकरून लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत बालरोग विभाग बाळाचे वजन, रंग व वाढीचे टप्पे अधिक बारकाईने पाहील. ज्या मातांना तपासण्यांचा खर्च झेपत नाही त्यांनी संकोच न बाळगता आमच्या समाजसेवा विभागाशी संपर्क साधावा.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी वा नात्यात अशी माता असेल तर तिला एवढेच सांगावे : बाळाला अंगावर अवश्य पाज, गोळ्या व तपासण्या सोडू नकोस आणि ऑपरेशनची गोष्ट तुझ्या व बाळाच्या डॉक्टरांपासून लपवू नकोस. घरच्यांनीही ती लपवावी लागू नये, इतके मोकळे वातावरण ठेवावे. तिने वजन उतरविले ते स्वतःच्या प्रकृतीसाठी. त्याचा लाभ बाळापर्यंत पोहोचविणे आपणा सर्वांच्या हाती आहे.